काचेच्या अलीकडे, काचेच्या पलीकडे

मागच्या शनिवारी फोनची मेमरी फुल झाली म्हणून जुने व्हिडिओ डिलीट करत बसलो होतो. त्यात एप्रिल २०२० मधला सव्वा मिनिटाचा एक व्हिडिओ कॉल निघाला. स्क्रीनवर माईआजी. माईआजी म्हणजे बाबांची सख्खी मावशी. पुण्याबाहेरच्या एका वृद्धाश्रमात होती, आणि विसरण्याचा आजार तेव्हा बराच पुढे गेलेला होता. बाबा इकडून "माई, मी बंडू, ओळखलंस का?" असं ओरडतायत. माईआजी एकदा स्क्रीनकडे बघते, मग फोन हातात घेते आणि उलटा करून मागे बघते. बंडू मागे लपलाय का ते बघायला!

तेव्हा आम्ही सगळे हसलो होतो. मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, परीक्षा होणार की नाही याच चिंतेत. या शनिवारी मात्र तो व्हिडिओ बघून हसू आलं नाही. डिलीटही करवला नाही.

मग नेहमीसारखं झालं. एक गोष्ट वाचायला घेतली, तिच्यातून दुसरी निघाली, आणि रविवार संध्याकाळपर्यंत मी इंग्लंडमधल्या केअर होम्सबद्दल वाचत बसलो होतो. इंग्लंडच का? कारण तिथे या सगळ्याची नोंद आहे. सरकारी परिपत्रकं, कोर्टाचे निकाल, मृत्यूंचे आकडे, चौकशी समितीपुढच्या साक्षी, सगळं उपलब्ध आहे. आपल्याकडे वृद्धाश्रमांत त्या दोन वर्षांत नेमकं काय झालं याचा असा हिशोब फारसा कोणी ठेवलेला नाही. म्हणून आजचा इतिहास पाच-सहा वर्षांपूर्वीचाच आहे. पण इतिहासच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. इंग्लंडमध्ये साधारण १५ हजार केअर होम्स आहेत आणि त्यांत सुमारे ४ लाख माणसं राहतात. आपल्या डोक्यातला वृद्धाश्रम म्हणजे बरीचशी हिंडती-फिरती, भजनाला बसणारी आजी-आजोबा मंडळी. तिथलं चित्र वेगळं आहे. तिथे माणूस अगदी शेवटच्या टप्प्यात जातो. अल्झायमर्स सोसायटीच्या अंदाजाप्रमाणे या रहिवाशांपैकी किमान ७० टक्के लोकांना स्मृतिभ्रंश किंवा स्मरणशक्तीची गंभीर अडचण असते. त्यांना भरवावं लागतं, अंघोळ घालावी लागते, कुशीवर वळवावं लागतं. आणि यातलं बरंचसं काम, हे महत्त्वाचं आहे, भेटायला येणारी मुलगी किंवा नवरा रोज येऊन करत असतो. कागदावर तो 'व्हिजिटर' असतो. प्रत्यक्षात तो बिनपगारी कर्मचारी असतो, आणि त्या माणसाची स्मरणशक्तीही असतो. आईला चहा कसा लागतो, ती रडते तेव्हा कुठलं गाणं लावायचं, हे त्यालाच माहीत असतं.

युरोपात आग लागायच्या आधी धोक्याची घंटा अमेरिकेत वाजली होती. सिॲटलच्या शेजारी कर्कलंड नावाचं गाव आहे. मायक्रोसॉफ्टचं रेडमंड तिथून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे आपली मराठी मंडळीही त्या भागात भरपूर. २९ फेब्रुवारी २०२० ला तिथल्या एका नर्सिंग होममधला उद्रेक जाहीर झाला. १८ मार्चपर्यंत १०१ रहिवासी, ५० कर्मचारी आणि १६ भेटायला आलेले लोक बाधित झाले होते, आणि बाधित रहिवाशांपैकी जवळजवळ दर तिसरा माणूस गेला. तपास करणाऱ्यांनी लिहून ठेवलं की कर्मचारी अंगात लक्षणं असताना कामावर येत होते आणि एकापेक्षा जास्त ठिकाणी काम करत होते. खिडकीबाहेर उभं राहून काचेतून आई-वडिलांशी फोनवर बोलणाऱ्या मुलांचे पहिले फोटोही जगाने तिथलेच पाहिले.

म्हणजे बघा, मार्चच्या मध्यावर सगळी माहिती हाताशी होती. म्हातारी माणसं सर्वात जास्त धोक्यात आहेत, रोग कर्मचाऱ्यांमार्फत आत शिरतो, आणि कर्मचारी घरोघर फिरतात.

आता इंग्लंडची टाइमलाइन बघू. २५ फेब्रुवारीच्या सरकारी मार्गदर्शनात लिहिलं होतं की केअर होममधल्या कोणाला लागण होण्याची शक्यता फारच कमी आहे. १३ मार्चला ते मागे घेतलं गेलं. १७ मार्चला हॉस्पिटलांना आदेश गेला की बेड रिकामे करा. इटलीतल्या हॉस्पिटलांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले होते, त्यामुळे घाबरणं साहजिक होतं. तिथल्या नॅशनल ऑडिट ऑफिसच्या हिशोबाप्रमाणे १७ मार्च ते १५ एप्रिल या काळात सुमारे २५ हजार माणसं हॉस्पिटलातून केअर होम्समध्ये पाठवली गेली. २ एप्रिलच्या सूचनेत तर स्पष्ट म्हटलं होतं की पाठवण्याआधी टेस्ट निगेटिव्ह असण्याची गरज नाही. टेस्ट करूनच पाठवायचं हे ठरलं १५ एप्रिलला. लक्षणं असोत वा नसोत, सगळ्या रहिवाशांची आणि कर्मचाऱ्यांची टेस्ट करायची हे ठरलं २८ एप्रिलला.

पुढे १५ मे ला आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक म्हणाले की आम्ही पहिल्यापासून केअर होम्सभोवती संरक्षणाचं कडं उभं करायचा प्रयत्न केला. ते वाक्य त्यांना आयुष्यभर पुरणार आहे...

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हॉस्पिटलातून पाठवलेल्या माणसांमुळेच सगळं झालं, असं नंतरच्या अभ्यासांतून दिसलेलं नाही. रोग मुख्यतः बाहेर पसरला होता आणि कर्मचाऱ्यांबरोबर, त्यांच्या नकळत, आत गेला. इंग्लंडमधल्या व्हिवाल्डी नावाच्या पाहणीत दिसलं की जिथे एजन्सीचे बदली कर्मचारी जास्त होते तिथे लागण जास्त होती, आणि जिथे आजारपणात पगार मिळत होता तिथे कमी. हे मला कुठल्याही मंत्र्याच्या वाक्यापेक्षा जास्त लक्षात राहिलं. तासावर पैसे घेणारी बाई, घरी दोन मुलं, अंग जरा कसकसतंय. रजा घेतली तर पगार नाही. ती काय करणार? क्रोसिन घेऊन कामावर जाणार. आपणही ऑफिसात तेच करत आलो की!

कॅनडात तर अवस्था आणखी वाईट होती. २५ मे २०२० पर्यंत त्या देशात झालेल्या कोविड मृत्यूंपैकी ८१ टक्के दीर्घकालीन निवासांमधले होते. क्वेबेक आणि ऑन्टॅरिओत लष्कराला आत पाठवावं लागलं, आणि ऑन्टॅरिओतल्या जवानांनी पाहिलेल्या गोष्टींचा अहवाल २६ मे ला जाहीर झाला तेव्हा देश हादरला. स्पेनमध्ये मार्चमध्येच संरक्षणमंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं होतं की जवानांना काही ठिकाणी म्हातारी माणसं टाकून दिलेली, काही बिछान्यातच गेलेली सापडली. हे सगळे श्रीमंत देश आहेत. एवढं लक्षात ठेवून पुढे जाऊ.

आता माझा खरा विषय. दारं बंद झाली तेव्हा आत काय झालं आणि बाहेर काय झालं?

इंग्लंडमध्ये बऱ्याच होम्सनी सरकारने सांगायच्या आधीच दारं बंद केली होती. २ एप्रिलला सूचना आली की नातेवाइकांनी येऊ नये, अगदी शेवटची वेळ वगैरे असेल तरच अपवाद. पहिल्या काही आठवड्यांसाठी हे बरोबरच होतं असं मला अजूनही वाटतं. टेस्ट नाहीत, मास्क पुरत नाहीत, लस तर स्वप्नातही नाही. अशा वेळी दार बंद करण्यापलीकडे कोणाला काय सुचणार?

पण निरोगी माणसाचं तीन आठवडे दार बंद असणं आणि स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाचं तीन आठवडे दार बंद असणं यात फरक आहे. तुम्हाला-मला कारण कळतं. 'लॉकडाऊन आहे' हे वाक्य आपण डोक्यात साठवून ठेवू शकतो. माईआजीसारख्या माणसाला ते दर दहा मिनिटांनी नव्याने सांगावं लागतं, आणि दर वेळी तिला एवढंच कळतं की आज कोणी आलं नाही. माझ्यावर रागावलेत का? मी काही केलं का? त्यात आसपासची सगळी माणसं तोंडं झाकून हिंडतायत. नर्सचं हसू दिसत नाही, कमी ऐकू येणाऱ्याला ओठ वाचता येत नाहीत.

मग खिडकीबाहेरच्या भेटी सुरू झाल्या. फोटोत त्या छान दिसतात. काचेवर अलीकडून हात, पलीकडून हात. पण ज्यांनी केल्या त्यांनी वेगळंच सांगितलंय. आतल्या माणसाला कळतच नाही की आपला मुलगा बाहेर थंडीत का उभा आहे. 'आत ये ना' म्हणून तो खुणावतो, मुलगा येत नाही. मग एक तर तो चिडतो किंवा रडतो. काही घरांनी शेवटी ठरवलं की नकोच जायला, आपण गेल्यावर तिला जास्तच त्रास होतो. आणि मग न गेल्याची बोच वेगळी.

टॅब्लेट वाटले गेले, व्हिडिओ कॉल झाले. आमच्या धंद्यातल्या माणसाला हे कबूल करायला जड जातं, पण या लोकांसाठी ते फारसं चाललं नाही. ज्याला 'चेहरा आहे पण माणूस इथे नाही' ही कल्पनाच डोक्यात धरता येत नाही, त्याच्यासाठी व्हिडिओ कॉल म्हणजे भुताटकी. फोन उलटा करून मागे बघणारी माईआजी मूर्खपणा करत नव्हती. तिच्या बाजूने ते अगदी लॉजिकल होतं.

एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमध्ये स्मृतिभ्रंशाने झालेले, म्हणजे कोविडची नोंद नसलेले मृत्यू नेहमीपेक्षा सुमारे ८३ टक्के जास्त होते. त्यातले काही टेस्ट न झालेले कोविडच असणार हे उघड आहे. पण सगळे तसेच होते का? भरवणारं माणूस येत नाही, म्हणून जेवण कमी होतं. चालवणारं येत नाही, म्हणून चालणं सुटतं. सर्टिफिकेटवर एकटेपणा हे कारण लिहिता येत नाही.

आणि हे कोणाला आधी माहीत नव्हतं असंही नाही! इथे मला या वाचनातली सर्वात चटका लावणारी गोष्ट सापडली. निकी जेरार्ड नावाच्या इंग्लिश लेखिका-पत्रकार आहेत. त्यांचे वडील जॉन स्वतः डॉक्टर होते. त्यांना अल्झायमर झाला होता, पण घरी बऱ्यापैकी आनंदात होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये पायाच्या जखमांसाठी त्यांना हॉस्पिटलात ठेवलं. वॉर्डात नोरोव्हायरसची साथ आली म्हणून भेटींवर बंधनं आली. पाच आठवड्यांनी ते घरी परतले तेव्हा चालता येत नव्हतं, बोलणं तुटलं होतं, अंगावर मांस राहिलं नव्हतं. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात ते गेले. त्यानंतर जेरार्ड यांनी मैत्रीण ज्युलिया जोन्स यांच्याबरोबर 'जॉन्स कॅम्पेन' सुरू केलं. मागणी साधी होती: स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाजवळ त्याच्या घरच्या माणसाला थांबू द्या. तो पाहुणा नाही, उपचाराचाच भाग आहे. पुढच्या काही वर्षांत शेकडो हॉस्पिटल वॉर्डांनी हे मान्यही केलं.

म्हणजे २०१४ मध्ये एका घराने पाच आठवड्यांत जे भोगलं, तेच २०२० मध्ये लाखो घरांच्या वाट्याला महिनोन् महिने आलं. जॉन्स कॅम्पेनने २०२० मध्ये या भेटबंदीविरुद्ध कायदेशीर लढाई सुरू केली. त्यांचं म्हणणं, सरसकट बंदी नको, प्रत्येक माणसाचा वेगळा विचार करा.

दारं उघडणं किती हळू झालं ते बघा. २२ जुलै २०२० ला भेटींना सशर्त परवानगी. नोव्हेंबरात दुसरा लॉकडाऊन, मग खिडकी, पारदर्शक पडदे आणि अंगणातल्या केबिनी. २ डिसेंबरला टेस्ट करून आत भेटायची सोय. जानेवारी २०२१ मध्ये परत बंद. ८ मार्च २०२१ ला प्रत्येक रहिवाशामागे एक ठरलेला माणूस, हात धरायला परवानगी, मिठी मारणं शक्यतो टाळावं. १२ एप्रिलला दोन माणसं. १७ मे ला पाच. भेटणाऱ्यांच्या संख्येची मर्यादा पूर्ण उठली ३१ जानेवारी २०२२ ला. जवळजवळ दोन वर्षं. केअर होममध्ये गेल्यावर माणसाच्या हातात मुळात किती वर्षं असतात? अनेकांच्या बाबतीत दोनसुद्धा नसतात. म्हणजे काही लोकांचं तिथलं अख्खं आयुष्यच या बंद दारामागे गेलं.

मला इथे आमच्या धंद्यातलीच उपमा सुचते. प्रॉडक्शनला आग लागली की आम्ही एक आकडा धरतो आणि तो खाली आणायच्या मागे लागतो. बाकीचे आकडे डॅशबोर्डवर नसतातच, त्यामुळे ते बिघडले तरी कळत नाही. त्या काळात रोज संध्याकाळी मृत्यूंचा आकडा टीव्हीवर यायचा. 'आज इतक्या म्हाताऱ्यांनी जेवण सोडलं' असा आकडा कोणी सांगितला नाही. बरं, तो मृत्यूंचा आकडाही खोटा नव्हता. १० एप्रिल २०२० ते ३१ मार्च २०२१ या काळात इंग्लंडच्या केअर होम्सनी ३९ हजारांहून जास्त कोविड मृत्यू कळवले. आग खरीच होती. प्रश्न एवढाच की आणीबाणीत घातलेला पॅच दोन वर्षं तसाच का राहिला.

दुसरा मार्ग होता का? थोडाफार होता. नेदरलँड्सने २० मार्च २०२० ला देशभर नर्सिंग होम्सच्या भेटी बंद केल्या. पण ११ मे ला त्यांनी २६ होम्स निवडून तिथे काटेकोर नियम घालून भेटी सुरू केल्या आणि संशोधकांना लक्ष ठेवायला सांगितलं. पहिल्या तीन आठवड्यांत भेटींमुळे नवीन लागण दिसली नाही, आणि रहिवासी, घरचे, कर्मचारी सगळेच सुखावले. मग हळूहळू देशभर दारं उघडली. हा 'पायलट' कोणालाही करता आला असता. फ्रान्समध्ये लिऑन शहराजवळ कॉर्बास इथल्या एका होममध्ये काही कर्मचाऱ्यांनी वेगळंच केलं. ते स्वतःच आत राहायला गेले. जमिनीवर गाद्या टाकून ४७ दिवस १०६ रहिवाशांबरोबर राहिले, आणि तिथे लागण झाली नाही.

पण अशी वीरकथा वाचताना मला बाकीच्या कर्मचाऱ्यांची आठवण येते. सगळ्यांनाच आपलं घर सोडून येता येत नाही. शेवटच्या क्षणी फोन कानाला धरून उभं राहायचं, पलीकडून मुलगी रडत निरोप घेतेय, आणि आपण त्या आईचा दुसरा हात धरलाय. हे काम त्या बायकांनी केलं. त्या नात्यातल्या नव्हत्या, आणि त्या क्षणी नात्यातलं माणूसही त्याच होत्या. मग मास्क बदलून पुढच्या खोलीत. यासाठी त्यांना कोणी प्रशिक्षण दिलं नव्हतं.

५ ऑगस्ट २०२० ला ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या एका वृद्धाश्रमात डॅनिश फोटोग्राफर मॅड्स निसेन याने एक फोटो काढला. प्लॅस्टिकच्या पडद्याआडून एक नर्स ८५ वर्षांच्या बाईंना मिठीत घेतेय. पाच महिन्यांतली त्यांची ती पहिली मिठी. २०२१ चा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. पडद्याच्या पिवळ्या कडा पंखांसारख्या दिसतात. तो फोटो बघताना आधी बरं वाटतं, मग लक्षात येतं की मिठी मारणारी नर्स आहे. घरचं माणूस फोटोत नाहीच.

हे सगळं वाचताना सारखं पुणं आठवत होतं. १८९७ चं. प्लेगात रँडच्या कमिटीने घरं तपासायला सैनिक पाठवले, आजाऱ्याला हॉस्पिटलात आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत नेलं. चापेकरांपर्यंतची गोष्ट आपण शाळेत शिकलो. पण त्यामागचा रोजचा भाग शिकलो नाही: लोक आजारी माणसाला लपवायला लागले. हॉस्पिटलात नेलेला परत येत नाही आणि शेवटी तोंडही दिसत नाही, ही ती भीती होती. मुंबईत तर ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या हॉस्पिटलावर हल्ला केला होता. पुढे मुंबईत निरनिराळ्या समाजांना स्वतःची प्लेग हॉस्पिटलं काढू दिली, आपल्या लोकांची सोबत मिळू लागली, तसा विरोध थोडा निवळला. आणि त्याच साथीत सावित्रीबाई फुले, वय ६६, एका आजारी मुलाला उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या.

विलगीकरण चूक होतं असं मी म्हणत नाही. तेव्हाही नव्हतं, २०२० मध्येही नव्हतं. पण सव्वाशे वर्षांच्या अंतराने आपण तेच शिकलोय. माणसाला त्याच्या माणसांपासून तोडणं हे औषध आहे, आणि प्रत्येक औषधासारखा त्याचाही डोस असतो.

इंग्लंडमध्ये हिशोब अजून चालू आहे. २७ एप्रिल २०२२ ला तिथल्या हायकोर्टाने निकाल दिला की टेस्ट न करता, वेगळं ठेवायची सूचना न देता माणसं होम्समध्ये पाठवायचं ते सुरुवातीचं धोरण बेकायदेशीर होतं, कारण लक्षणं नसलेल्यांकडून रोग पसरण्याच्या धोक्याचा विचारच केला नव्हता. ही केस दोन मुलींनी लढली होती, ज्यांचे वडील केअर होममध्ये गेले. ६ एप्रिल २०२४ पासून तिथे नियमच झालाय की केअर होममध्ये भेटायला येऊ देणं ही मूलभूत अट आहे, अगदी अपवाद असेल तरच नकार. चौकशी आयोगाने जुलै २०२५ मध्ये केअर होम्सबद्दल साक्षी घेतल्या. आणि लंडनमध्ये थेम्सच्या काठावर, पार्लमेंटच्या बरोबर समोर, मार्च २०२१ मध्ये घरच्यांनी हाताने रंगवायला सुरुवात केलेली लाल बदामांची भिंत आहे. एका माणसामागे एक बदाम. रंग उडतो, लोक येऊन परत भरतात.

आपल्याकडे भिंत नाही. आपल्याकडे २३ मार्च २०२० पासून परदेशी विमानं बंद झाली तेव्हा न्यू जर्सीत, लंडनमध्ये अडकलेली मुलं आहेत, ज्यांनी आई-वडिलांचा अंत्यविधी फोनवर पाहिला. आपल्याकडे वृद्धाश्रमाच्या फाटकावर चिवड्याची पिशवी वॉचमनकडे देऊन परत फिरलेले माझे बाबा आहेत.

माईआजी कोविडने गेली नाही. आश्रमाने दारं बंद ठेवली आणि पहिल्या लाटेत तिथे एकही माणूस दगावलं नाही, हे त्यांचं श्रेय आहे आणि ते दिलंच पाहिजे. जानेवारी २०२१ मध्ये, दहा महिन्यांनी, बाबांना तिच्यासमोर बसायला मिळालं. मधे टेबल. तिने बाबांकडे नीट बघितलं आणि फार आदराने विचारलं, "आपण कोणाकडे आलात?" नंतर ती आणखी अकरा महिने होती. बंडू तिला परत सापडला नाही.

बाबा अजून कधीतरी विचारतात, दर रविवारी जात राहिलो असतो तर ती विसरली नसती का रे? मी आजाराचे टप्पे वाचलेत, मी सांगतो की विसरलीच असती बाबा, आज ना उद्या. ते मान हलवतात. पण मला या प्रश्नाचं उत्तर माहीत नाही, आणि आता कोणालाच कळणार नाही. लाखो घरांत हाच प्रश्न वेगवेगळ्या भाषांत विचारला जात असणार.

एक करता येईल. घरातलं कोणी अशा ठिकाणी असेल, किंवा पुढे ठेवायची वेळ आली, तर दाखल करतानाच एक प्रश्न विचारा. खोली केवढी, जेवण कसं हे विचारतोच आपण. त्याबरोबर हेही विचारा: पुन्हा साथ आली तर आमच्यापैकी एकाला आत येऊ द्याल का? टेस्ट करून, मास्क घालून, तुमचे सगळे नियम पाळून, पण एकाला? आणि उत्तर लिहून घ्या.

तो सव्वा मिनिटाचा व्हिडिओ मी दुसरीकडे कॉपी करून ठेवलाय. बाबांना अजून दाखवला नाही.